पाणी कुठलं? पाणी किती?

दिवाळीच्या अंकात पटकीचा विषय काढावा, हे कुणाला रुचणारे नाही. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन बसलेल्या वाचकाला जुलाब-वांत्यांची हकीकत ऐकवणे हा शिष्टाचार नव्हे, हे आम्हालाही कळते. पण ही हकीकत रोगाची कमी आणि रोगाच्या पाठलागाची अधिक आहे. गुप्तहेराच्या गोष्टीतला सगळा मालमसाला तिच्यात आहे. खून आहेत, खोटे संशयित आहेत, हट्टी तपासनीस आहेत. आणि शेवटी जो गुन्हेगार सापडतो, तो आपल्या स्वयंपाकघरातल्या नळापासून फारसा दूर राहत नाही. तेव्हा चकली खाऊन घ्यावी, हात धुवावेत आणि मग पुढे वाचावे!

ह्या साऱ्या पाठलागात माणसाने मुख्यतः दोनच प्रश्न विचारले. पहिला, 'पाणी कुठलं प्यायलात?' आणि दुसरा, 'अंगातलं पाणी किती गेलं?' प्रश्न इतके साधे की, घरातल्या आजीनेही ते विचारले असते. पण पहिला प्रश्न नेटाने विचारला जायला १८५४ साल उजाडावे लागले आणि दुसऱ्याचे गरिबाला परवडणारे उत्तर हजारो रोग्यांपर्यंत पोहोचायला १९७१ साल.

मरीआईचा गाडा

आपल्याकडे ह्या रोगाला नावे तरी किती! पटकी, वाखा, मोडशी, जरीमरी, महामारी. मोडशी हा शब्द तर पोर्तुगिजांनी आपल्या भाषेत उचलून नेला. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात ह्या दुखण्याचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे १८१७ साली बंगालमधून पटकी जी निघाली, ती जगप्रवासालाच! पेशवाईची अखेरची लढाई जुंपली होती, त्याच हिवाळ्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातल्या छावणीत तिने हजारो माणसे लोळवली. दुसऱ्याच वर्षी, १८१८ साली, ती मुंबईत येऊन थडकली.

गावात रोग शिरला की मरीआईची पूजा बांधायची, तिला नैवेद्य दाखवायचा आणि तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, अशी आपल्याकडची रीत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे लोटायचा. आज आपण ह्या रीतीला हसतो. पण हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला वाटेने चालत जातो, हे त्या 'अडाणी' माणसांनी अचूक हेरले होते. त्याच काळात युरोपातले पुष्कळसे विद्वान मात्र पटकी दुर्गंधीतून, सडक्या हवेतून उद्भवते, असे छातीठोकपणे सांगत होते! गावकऱ्यांचे चुकले ते एवढेच, की रोग गाड्यातून जात नव्हता. तो गाडा ओढणाऱ्यांच्या पोटातून जात होता आणि पुढच्या गावच्या विहिरीत, ओढ्यात उतरत होता. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पुन्हा पुन्हा पटकी उसळे आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव जाई, त्याचे कारण हेच. माणसे अफाट, आणि प्यायला, आंघोळीला व इतर साऱ्यालाच ती एक नदी!

ब्रॉड स्ट्रीटचा पंप

हे कोडे सोडवायला पुढे सरसावलेला डॉक्टर जॉन स्नो हा खरे तर भूल देणारा डॉक्टर. यॉर्क शहरातल्या एका मजुराचा मुलगा. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, अबोल, व्यसनांपासून दूर राहणारा. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात तिला क्लोरोफॉर्म दिला तो ह्यानेच. वायू आणि त्यांचे परिणाम ह्यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि म्हणूनच सडक्या हवेची उपपत्ती त्याच्या गळी उतरेना. त्याचे म्हणणे सरळ होते. विष श्वासावाटे आले असते, तर आधी छातीत बिघाड दिसला असता. हा रोग तर थेट आतड्यांतच सुरू होतो. तेव्हा विष गिळले जात असले पाहिजे. आणि गरीब-श्रीमंत सगळेच गिळतात अशी वस्तू कोणती? पाणी!

१८५४ च्या ऑगस्टची अखेर. लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीट नावाच्या गल्लीत ३१ तारखेच्या रात्री पटकीचा भडका उडाला. दहा दिवसांत आसपासच्या वस्तीत पाचशेवर माणसे मेली. ज्यांना शक्य होते ते घरेदारे टाकून पळाले. स्नो जवळच राहत होता. तो पळाला नाही. त्याने मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतून ८३ मृतांची यादी मिळवली आणि एकेका दारावर थाप मारून तो विचारू लागला, 'पाणी कुठलं भरता?'

जवळजवळ सगळे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या आसपास झाले होते. फक्त दहा घरे अशी निघाली की, त्यांना दुसरा पंप जवळ होता. दुसरा एखादा इथेच म्हणाला असता, 'पाहा, तुमचा सिद्धांत कोसळला!' स्नो त्या दहा घरीही गेला. पाच घरच्यांनी सांगितले, 'आम्ही नेहमी ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणवतो.' आणखी तीन घरांत लहान मुले दगावली होती. त्या मुलांची शाळा त्याच पंपाजवळ होती!

पण खरा तपासनीस मेलेल्यांइतकीच जगलेल्यांचीही चौकशी करतो. पंपाच्या जवळच गरिबांसाठी चालवलेले एक मोठे आश्रयगृह होते. आत ५३५ माणसे, आणि पटकीने मेली फक्त पाच. असे का? तर त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच गल्लीत बिअरचा एक कारखाना होता. सत्तरावर कामगार, पण एकही दगावला नाही. मालकाने सांगितले की, कामगारांना रोजची बिअर मिळते, ते पाण्याच्या वाटेला जातच नाहीत! (मद्यपी मंडळींनी ह्यावरून भलता निष्कर्ष काढू नये. बिअरमध्ये काही औषध नव्हते. पंपाचे पाणी पोटात गेले नाही, एवढेच.) आणि समोर बंदुकीच्या केपा करणारा एक कारखाना होता. तिथे कामगारांसाठी पंपाच्या पाण्याची पिंपे भरून ठेवलेली असत. तिथले अठरा कामगार मेले.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट ह्याच कारखान्यातून बाहेर पडली. कैक मैलांवर, हॅम्पस्टेड ह्या निरोगी उपनगरात, एक विधवा बाई पटकीने वारली होती. तिथे दुसरा एकही रोगी नव्हता. चौकशीअंती कळले की, ती त्या कारखानदारांची आई. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहत असे. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव इतकी आवडे की, मुले रोज गाडीतून तिच्यासाठी त्या पाण्याची बाटली पाठवीत. मातृभक्तीने पाठवलेली ती बाटलीच आईचा घात करून गेली! तिला भेटायला आलेली भाची ते पाणी पिऊन इझ्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही गेली. 'गावाकडचं पाणी गोड' म्हणून कळशी भरून आणणारी माणसे आपल्याकडेही आहेत. चवीवरून पाणी ओळखू नये, हा धडा त्यांनीही ध्यानात ठेवावा.

स्नोने ही सारी माहिती स्थानिक पंचांसमोर ठेवली. त्यांना ती फारशी पटली नाही. पण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून ८ सप्टेंबरला त्यांनी पंपाचा दांडा काढून टाकला.

तान्ह्या मुलीची दुपटी

इथे बहुतेक गोष्टी संपतात. दांडा निघाला, साथ थांबली, जयजयकार झाला! पण सत्य त्याहून मोलाचे आहे. दांडा निघेपर्यंत साथ ओसरतच आली होती, कारण अर्धी वस्ती पळून गेली होती. हे खुद्द स्नोनेच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. मग त्या दांड्याने साधले काय? ह्याचे उत्तर स्नोच्या एका विरोधकाने शोधून काढले.

हेन्री व्हाइटहेड हा त्याच वस्तीतल्या चर्चचा तरुण पाद्री. त्याला स्नोचे म्हणणे मुळीच मान्य नव्हते. ते खोडून काढावे ह्याच हेतूने तो घरोघर हिंडू लागला. घरोघरी त्याची ओळख, मृत्युशय्येपाशी तो स्वतः बसलेला. त्याने एकेका घरी चार-चार वेळा जाऊन विचारले. जो जो विचारावे, तो तो पुरावा उलटाच निघे. शेवटी मृत्यूंची नोंदवही चाळताना त्याला एक नोंद दिसली. ब्रॉड स्ट्रीटच्या ४० नंबरच्या घरातली पाच महिन्यांची एक मुलगी २ सप्टेंबरला जुलाबाने वारली होती. आणि तिचे दुखणे सुरू झाले होते साथ भडकण्याच्या तीन दिवस आधी! आईने सांगितले की, मुलीची दुपटी धुतलेले पाणी ती घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतत असे. तो खड्डा खणून पाहिला, तेव्हा विटांचे बांधकाम कुजलेले निघाले, आणि पंपाची विहीर तिथून तीन फुटांच्याही आत!

पुढचा भाग वाचताना अंगावर काटा येतो. त्या मुलीचा बाप ८ सप्टेंबरला, म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी, पटकीने आजारी पडला आणि पुढे वारला. त्याचाही मैला त्याच खड्ड्यात गेला असणार. दांडा जागेवर असता, तर साथीची दुसरी लाट तिथूनच उठली असती. व्हाइटहेडने मोकळ्या मनाने आपली चूक कबूल केली आणि तो स्नोचा मित्र झाला. खोडून काढायला निघालेला माणूस पुरावा पाहून मत बदलतो, ही गोष्ट रोगाच्या शोधाइतकीच दुर्मिळ आहे, नाही का?

नकोसा प्रश्न

मात्र सरकारी आरोग्य मंडळाने स्नोचे म्हणणे फेटाळले. १८५८ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला, तोवर त्याचे म्हणणे थोड्यांनीच मानले होते. गंमत अशी की, १८५४ सालीच फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी ह्याने पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू पाहिले होते. त्याच्याकडेही कुणी लक्ष दिले नाही. १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉखने हा जंतू वेगळा काढून दाखवला, तेव्हा कुठे जग हळूहळू मानू लागले.

'पाणी कुठलं?' हा प्रश्न साधा खरा, पण तो नकोसा असतो. कारण त्याचे उत्तर कुणाच्या तरी दारात जाऊन थांबते. पाणी ज्याचे, जबाबदारी त्याची! ही गोष्ट दीडशे वर्षांनीही बदलली नाही. २०१० साली हैती ह्या कॅरिबियन देशात जानेवारीत भयंकर भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये पटकी उद्भवली. त्या देशात कमीत कमी शंभर वर्षे तरी पटकीची नोंद नव्हती. मग ती आली कुठून? रेनो पियारू हा फ्रेंच डॉक्टर नोव्हेंबरमध्ये तिथे गेला आणि त्याने स्नोचेच काम केले. कोणत्या गावात कोणत्या दिवशी किती रोगी, हे त्याने नकाशावर मांडले. सारे धागे एका नदीच्या काठाने वर वर जात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका छावणीपाशी थांबले. छावणीतले सैनिक नेपाळहून आले होते, जिथे तेव्हा पटकी होती. आणि छावणीचा मैला ओढ्यातून आर्तिबोनित ह्या मोठ्या नदीत जात होता. हैतीत आठ लाखांवर माणसे आजारी पडली आणि दहा हजारांच्या आसपास मेली. मदतीला गेलेल्यांच्याच हातून हे घडले! संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे सहा वर्षांनी.

आपल्या गावोगावीही साथ आली की 'गॅस्ट्रो' हा गुळगुळीत शब्द पुढे येतो, तो उगाच नव्हे. 'पटकी' म्हटले की कुणाचे तरी गटार आणि कुणाचा तरी नळ ह्यांचा पत्ता सांगावा लागतो!

पाणी किती?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पटकीचा रोगी मरतो कशाने? जंतू त्याला पोखरून खात नाहीत. तो मरतो पाण्यावाचून. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणी अंगातून निघून जाऊ शकते. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात, डोळे खोल जातात, हातापायांना पेटके येतात. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपतो. उपचार झाले नाहीत, तर गंभीर रोग्यांपैकी निम्म्यापर्यंत दगावतात. आणि अशा माणसाला एके काळचे डॉक्टर काय देत? शीर कापून रक्त काढीत, पाऱ्याची पूड देऊन आणखी जुलाब करवीत! जुलाब होणाऱ्याला पाणी देऊ नये, हा समज तर आपल्याही घरांत कालपरवापर्यंत होता. घशाला कोरड पडलेला रोगी 'पाणी, पाणी' करी आणि माया करणारी माणसेच मन घट्ट करून त्याला ते नाकारीत. ह्याहून मोठी शोकांतिका कोणती?

आणि खरे उत्तर एकाला फार लवकर सुचले होते. १८३१-३२ च्या हिवाळ्यात विल्यम ओशॉनेसी ह्या विशीतल्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून सांगितले की, ह्यातले पाणी आणि मीठ गेले आहे, ते परत घाला. त्याच वर्षी टॉमस लॅटा ह्या स्कॉटिश डॉक्टरने मिठाचे पाणी शिरेतून देऊन मरणोन्मुख रोग्यांना उठवून बसवले. पण ते पाणी निर्जंतुक नव्हते, आणि पुन्हा पुन्हा द्यावे लागते हेही बहुतेकांना उमगले नव्हते. कल्पना मागे पडली. ओशॉनेसी मग हिंदुस्थानात आला आणि त्याने नाव काढले ते भलत्याच कामात. आपल्या देशात तारायंत्राचे जाळे उभारणारा ओशॉनेसी तो हाच! विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने सलाइनचा उपचार पुन्हा मार्गी लावला. पण सलाइनला बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शिकलेले हात हवेत. आणि साथ येते ती नेमकी जिथे ह्यांतले काहीच नसते तिथे.

मग पाणी तोंडानेच का देऊ नये? इथे अडचण होती. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे ह्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की, पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि आतडे पाणी ओतू लागते ते त्या विषाने. अशा आतड्यात नुसते मीठपाणी टिकत नाही. पण निसर्गाने एक चोरदरवाजा उघडा ठेवला आहे. आतडे साखर घ्यायला तयार असते, आणि साखर आत जाताना मिठाला हाताला धरून नेते. मिठामागोमाग पाणी जाते. साखर म्हणजे जणू पास असलेला प्रवासी आणि मीठ त्याच्याबरोबर आत शिरणारा सोबती! कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ सालीच असे पाणी रोग्यांना तोंडाने दिले होते. १९६८ च्या सुमारास ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश ह्यांनी ते मोजून-मापून सिद्ध केले. तरीही जाणते डॉक्टर मान हलवत. प्रयोग ठीक आहे, पण ऐन धुमश्चक्रीत हे जमेल?

बनगावची सोळा खाटांची लढाई

धुमश्चक्री १९७१ साली आली. पूर्व पाकिस्तानातल्या अत्याचारांना भिऊन एक कोटीच्या आसपास माणसे भारतात आली. सरहद्दीवरच्या बनगावच्या आसपास लाखो निर्वासित, वर धो धो पाऊस, आणि त्यात पटकी. जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबीस हे कलकत्त्याहून एक छोटे पथक घेऊन तिथे गेले. दवाखान्यात दोन खोल्या, सोळा खाटा. जमिनीवर रोगी दाटीवाटीने पडलेले. त्यांच्या शिरेत सुई घालायची, तर जुलाब-वांत्यांच्या चिखलात गुडघे टेकावे लागत. सलाइन संपत आलेले, आणि ते देता येणारी माणसे अवघी दोन. दोन दिवसांतच महालनबीसांना कळून चुकले की, ही लढाई आपण हरतो आहोत.

मग त्यांनी तो निर्णय घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यातल्या त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयात बसून माणसे ही भुकटी तोलू लागली, पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून गरम इस्त्रीने तोंडे चिकटवू लागली. बनगावला मोठ्या पिंपांत ती पाण्यात कालवायची, पिंपाला तोटी, आणि रोग्याच्या आईने, बायकोने, भावाने पेला भरून न्यायचा आणि पाजत राहायचे. खर्च लिटरमागे ११ पैसे! पाणी न देणारी माया आता पेल्यामागून पेले पाणी देणारी झाली. शिकलेल्या हातांची वाण होती, तिथे घरच्यांचेच हात कामाला लागले.

आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रोगी आले. पूर्वी शंभरांतले तीसच्या आसपास दगावत, तिथे हे प्रमाण ३.६ वर आले. ही कृती पत्रकांतून सरहद्दीवर वाटली गेली, बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही सांगितली गेली. शास्त्रीय जगाला मात्र पटायला वेळ लागला. महालनबीसांचा लेख प्रसिद्ध झाला तो १९७३ साली. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट' ह्या मातब्बर वैद्यकीय पत्राने ह्या मीठ-साखरेच्या पाण्याची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या ठरू शकणाऱ्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ साली वारले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

बांगलादेशातल्या ब्रॅक ह्या संस्थेने तर १९८० ते १९९० ह्या दहा वर्षांत स्त्री कार्यकर्त्यांना खेडोपाडी धाडले. कोटीच्यावर घरांत त्यांनी आईला समोर बसवून चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा हे शिकवले. महिन्याभराने दुसरी मंडळी जाऊन पाहत की, आईला ते येते का. आणि आईला जितके आठवे, त्यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे! आपल्या शिकवण्यांना ही अट लावली तर काय होईल, ह्याचा विचार शिक्षक-वाचकांनी स्वतःच करावा.

आपला पंप, आपला दांडा

'पण हे सारे दुसऱ्यांचे; आमच्या घरी नळ आहे, गाळणयंत्र आहे,' असे कुणी म्हणेल. नळाची गोष्ट ऐकावी. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेला वेळ जमिनीखालची नळी रिकामी असते. तिला कुठे भेग असली आणि शेजारून गटार जात असले, तर ती घाण आत ओढून घेते. ब्रॉड स्ट्रीटच्या कुजलेल्या विटा म्हणजेच आपल्या गंजलेल्या नळ्या! २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गीयाँ-बारे ह्या मज्जातंतूंच्या दुर्मिळ दुखण्याचे रोगी एकाएकी वाढले. अनेकांना आधी जुलाब झालेले, काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा पोटात जाणारा जंतू सापडलेला. तपास करणारी मंडळी घरोघर जाऊन पाण्याचे नमुने घेऊ लागली. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, पाणी कुठलं?

आता हा प्रश्न विचारायची रीतसर व्यवस्था आहे. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण चालते. खेड्यातल्या आरोग्यसेविकेपासून जिल्ह्यापर्यंत जुलाबाच्या रोग्यांचे आकडे नियमाने वर जातात. आकडा एकदम फुगला, की माणसे धावतात: रोग्यांची यादी, दुखणे सुरू झाल्याची तारीख, घर, पाणी. महाराष्ट्रातल्या गावांत जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर टीसीएल पावडर पडलेली नाही. पालखीच्या वाटेवरच्या विहिरी आषाढीपूर्वी शुद्ध केल्या जातात. मरीआईच्या गाड्याची वाट आता पावडरीच्या पिशवीने अडवली आहे. लसही आहे. १८९२ साली हाफकिनने पटकीची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती, आणि परळची संस्था त्याच्याच नावाची. आज तोंडाने घ्यायच्या लशी निघाल्या आहेत. पण लस म्हणजे छत्री. गळके छप्पर तिने बुजत नाही.

ह्या व्यवस्थेचा पहिला दुवा मात्र आपण आहोत. इमारतीतल्या तीन घरांत एकाच आठवड्यात जुलाब झाले, तर प्रत्येक घर 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल' म्हणून गप्प बसते. गप्प बसू नये. जिन्यात उभे राहून एकमेकांना विचारावे आणि पालिकेच्या दवाखान्यात कळवावे. बदनामी होईल, फ्लॅटची किंमत उतरेल, ही भीती आड येऊ देऊ नये. नळाला गढूळ किंवा वास येणारे पाणी आले, तर पहिले पाणी वाहू द्यावे, पिण्याचे उकळावे, आणि टाकी कधी धुतली ह्याची विचारणा करावी.

आणि औषधांच्या डब्यात ओआरएसच्या दोन पुड्या असू द्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवल्याचे छापील दिसेल त्याच घ्याव्यात. नुसत्या गोड पेयावर समाधान मानू नये. लिटरची पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यातच, एकाच वेळी सगळी कालवावी. 'थोडी थोडी' करू नये. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. पुडी नसेल, तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करावा. मूल ओकले, तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नये. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, लघवी थांबली, चिमटीत धरलेली कातडी हळू खाली बसू लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपाय पुरे. ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे, आणि वाटेतही पाणी पाजत राहावे.

स्नोने शंभरावर दारे ठोठावून मिळवलेले शहाणपण आणि महालनबीसांनी चिखलात गुडघे टेकून मिळवलेले उत्तर, दोन्ही आज मूठभर पुडीत मावतात. विकत घ्यायला काही रुपये पुरतात. विचारायला मात्र तोंड उघडावे लागते. पुढच्या खेपेस शेजारच्या दारातून मुलाच्या पोटाची तक्रार कानावर आली, तर पेला भरून न्यावा आणि बसता बसता तेवढे विचारावे: पाणी कुठलं प्यायला हो तुमचा बाळ?